घरच्या वाय-फायचे कुलूप



आता पुष्कळ घरांत टीव्हीशेजारी किंवा भिंतीवर एक लहानशी पेटी असते. तिच्यावर दिवे लुकलुकत असतात. बाहेरून आलेली इंटरनेटची तार या पेटीत शिरते. पेटी त्या तारेतील संदेश लहरींच्या रूपाने घरभर पोचवते. या पेटीला राउटर म्हणतात आणि लहरींच्या या सोयीला वाय-फाय म्हणतात. फोन, टीव्ही, मुलांचा संगणक, सारे त्यावर चालते.

कधी कधी फोनवर आपल्या घरच्या वाय-फायच्या नावाखाली दोन इंग्रजी शब्द उमटतात, 'वीक सिक्युरिटी'. याचा अर्थ, येथील सुरक्षा कमकुवत आहे. हा इशारा आयफोनवर विशेषकरून दिसतो. तो पाहून काही जण घाबरतात. फोनला काही रोग लागला असे समजून ते फोन दुकानात नेतात आणि पैसे मोजून येतात. काही जण 'चालतंय ना, मग राहू दे' असे म्हणून तिकडे पाहतच नाहीत.

दोघांचेही चुकते. फोन ठणठणीत आहे. तो फक्त राखणदाराचे काम करतो आहे. कमजोरी आहे ती पेटीत. तेव्हा फोनची दुरुस्ती करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल. पेटीची दुरुस्ती बहुधा घरच्या घरी, अर्ध्या तासात, एक पैसाही न देता करता येते. ती कशी करायची ते या पाठात पाहू.

इशारा काय सांगतो?

तारेतून जाणारी गोष्ट तारेतच राहते. लहरींचे तसे नाही. त्या भिंतीतून पार जातात. आपण माजघरात बसून फोन पाहत असलो, तरी त्या लहरी जिन्यात, शेजारच्या खोलीत, खालच्या रस्त्यावरही पोचतात. वाड्याच्या चौकात उभे राहून मोठ्याने बोलावे, तसे हे आहे. ऐकायचे ठरवले तर कोणीही ऐकेल.

मग यावर उपाय काय? उपाय असा की, फोन आणि पेटी यांनी आपसात गुप्त भाषेत बोलावे. लहान मुले 'च'ची भाषा बोलतात ना, त्यातलाच हा प्रकार. मात्र फार कठीण गणिताने बांधलेला. वाय-फायचा पासवर्ड म्हणजे या भाषेची किल्ली. तो दोन कामे करतो. परक्याला आत येऊ देत नाही, आणि आतले बोलणे बाहेरच्याला कळू देत नाही.

पण किल्ली चांगली असून भागत नाही. कुलूपही चांगले हवे. फोन म्हणतो तो 'कमकुवत' शब्द बहुधा कुलपाविषयी असतो, किल्लीविषयी नव्हे. म्हणून नुसता पासवर्ड बदलून इशारा जात नाही.

कुलपांच्या चार पिढ्या

पहिले कुलूप १९९७ साली आले. त्याचे नाव डब्ल्यूईपी. २००१ साली अभ्यासकांनी त्यातील खोट दाखवून दिली. २००७ साली जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी ते एका मिनिटाच्या आत उघडून दाखवले. हे कुलूप आज लावणे आणि दार उघडे टाकणे यांत फारसा फरक नाही.

दुसरे कुलूप २००३ साली आले. त्याचे नाव डब्ल्यूपीए. ही घाईची डागडुजी होती. जुनी यंत्रे फेकून द्यावी लागू नयेत म्हणून जुन्याच सामानावर नवा पत्रा ठोकला होता. या डागडुजीचे नाव टीकेआयपी. पत्रा काही वर्षे टिकला, पुढे त्यालाही भोके पडली.

तिसरे कुलूप २००४ साली आले. ते डब्ल्यूपीए २. याच्याबरोबर एईएस नावाची गुप्त भाषा असते, आणि ती अजून भक्कम आहे. मार्च २००६ पासून जून २०२० पर्यंत वाय-फायचे प्रमाणचिन्ह मिळवू पाहणाऱ्या नव्या यंत्रात हे कुलूप असावेच लागे. म्हणून आपल्या घरच्या पेटीत ते बहुधा असतेच. फक्त लावलेले नसते.

चौथे कुलूप २०१८ साली जाहीर झाले. ते डब्ल्यूपीए ३. आज घरगुती वापरासाठी हेच सर्वांत चांगले.

ही नावे लक्षात राहत नसतील तर काळजी नको. आम्ही वर्गात एक खूण सांगतो. डब्ल्यू, पी, ए ही तीन इंग्रजी अक्षरे शोधावी आणि त्यांच्या पुढचा आकडा पाहावा. पुढे २ किंवा ३ असेल तर ठीक. आकडाच नसेल तर कुलूप जुने.

एक फसवी जागा मात्र आहे. काही पेट्यांवर डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए २ अशी दोन नावे एकत्र लिहिलेली असतात. वाचणाऱ्याला वाटते की दोन कुलपे आहेत म्हणजे दुप्पट सुरक्षा. तसे नाही. एकाच दाराला दोन कड्या असून कोणतीही एक काढली की दार उघडत असेल, तर चोर कोणती काढील? कच्चीच काढील. फोनवर इशारा येतो तो पुष्कळदा या जोडीमुळेच. डब्ल्यूपीए २ आणि डब्ल्यूपीए ३ ही जोडी मात्र चालेल. त्यातील दोन्ही कुलपे आजची आहेत.

कुलूप कच्चे राहिले तर बिघडते काय?

पहिली गोष्ट, घाबरू नये. बँकेचे व्यवहार आपल्या निराळ्या कुलपात जातात. फोनवरील बँकेचे ॲप आणि बँकेचा संगणक आपसातले बोलणे स्वतंत्रपणे गुप्त ठेवतात. वाय-फाय कच्चे म्हणून लगेच खाते रिकामे होत नाही. घराच्या दाराचे कुलूप तुटले तरी आतल्या तिजोरीचे शाबूत असावे, तसे हे आहे.

पण चोर घरात शिरला, हे तर खरे? आता तो टीव्ही, कॅमेरा, संगणक यांपर्यंत पोचू शकतो. आपण कोणकोणत्या ठिकाणी जातो, त्यांची नावे त्याला दिसू शकतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, तो आपल्या नावावर इंटरनेट वापरू शकतो. बिल आपल्या नावाचे असते. म्हणून त्या तारेतून जे बाहेर जाईल त्याचा माग आपल्या दाराशी येतो.

हे आपल्याच महाराष्ट्रात घडलेले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या थोडेच आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला, तो नवी मुंबईतील एका घरापाशी पोचला. त्या घरच्या माणसाचा कटाशी काही संबंध नव्हता. त्याचे वाय-फाय उघडे होते आणि दुसऱ्याच कोणीतरी ते वापरले होते. तरी चौकशीला तोंड द्यावे लागले ते त्या घरच्याच माणसाला. त्याच वर्षी मुंबईतील आणखी दोन ठिकाणची वाय-फाय अशाच कामासाठी वापरली गेली.

हे झाले उघड्या दाराचे. आता कच्च्या कुलपाचे पाहा. अमेरिकेत टीजेएक्स नावाची दुकानदार कंपनी आहे. तिच्या दुकानांतील लहरींच्या जाळ्याला डब्ल्यूईपी हे पहिले कुलूप होते. चोर २००५ साली त्यातून शिरले आणि आतल्या मोठ्या संगणकापर्यंत गेले. निदान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती चोरीला गेल्याचे कंपनीने २००७ साली सांगितले. तोवर त्या कुलपाची खोट जगजाहीर होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. बैल गेला आणि झोपा केला, असे झाले.

आता दुरुस्ती करू

दिवसाची वेळ निवडावी. मुलांचा अभ्यास किंवा कोणाचे काम वाय-फायवर चालू असेल तर ते संपू द्यावे. शेजारी कागद-पेन्सिल ठेवावी. घरात शाळेत जाणारा नातू किंवा नात असेल तर सोबत घ्यावी. हे काम दोघांनी मिळून केलेले बरे.

पहिली पायरी : फोनवर पाहणे. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वाय-फाय उघडावे. आयफोनवर आपल्या वाय-फायच्या नावाशेजारी वर्तुळात एक लहान 'आय' अक्षर असते, ते दाबावे. इतर फोनांवर दातेरी चाकाचे चिन्ह असते किंवा नावावरच बोट ठेवावे लागते. तेथे सुरक्षेविषयी काय लिहिले आहे ते वाचावे. तेथेच 'राउटर' किंवा 'गेटवे' या शब्दापुढे एक आकड्यांची ओळ असते. हा पेटीचा पत्ता. पुष्कळदा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. आपल्या फोनवर जो दिसेल तो कागदावर उतरवून घ्यावा.

दुसरी पायरी : पेटीचे दार उघडणे. फोन घरच्या वाय-फायला जोडलेलाच असू द्यावा. सिमकार्डाचे इंटरनेट थोडा वेळ बंद करावे. ज्या ॲपवर आपण बातम्या वगैरे उघडतो, त्या ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत तो पत्ता लिहावा. आकडे आणि टिंबे इंग्रजी कळफलकावरची घ्यावी. येथे काही वेळा फोन म्हणतो, 'हे पान सुरक्षित नाही'. आपणच आपल्या पेटीशी बोलत आहोत आणि पत्ता कागदावरच्या पत्त्याशी जुळतो आहे, एवढी खात्री असली तर पुढे जावे.

आता पेटी नाव आणि पासवर्ड विचारील. हा वाय-फायचा पासवर्ड नव्हे. हा पेटीचा स्वतःचा पासवर्ड. तो बहुधा पेटीच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. काही कंपन्या यासाठी आपले ॲप देतात. पासवर्ड सापडला नाही तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या ग्राहक केंद्राला विचारावे. बिलावर त्यांचा क्रमांक असतो, तोच लावावा.

पेटीच्या मागे एक बारीक भोक असते. त्यात टाचणी दाबून धरली की पेटी कोरी होते. कोणी सांगितले म्हणून हे करू नये. त्याने कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते, आणि मग इंटरनेटच बंद पडते.

तिसरी पायरी : कुलूप बदलणे. आत गेल्यावर 'वायरलेस' किंवा 'वाय-फाय' असा विभाग शोधावा. त्यात 'सिक्युरिटी' असते. तेथील यादीतून डब्ल्यूपीए ३ आणि डब्ल्यूपीए २ यांची जोडी असेल तर ती निवडावी. नसेल तर एकटे डब्ल्यूपीए २ निवडावे आणि गुप्त भाषा विचारली तर एईएस निवडावी. टीकेआयपी हा शब्द कोठेही शिल्लक राहू देऊ नये. 'पर्सनल' आणि 'एंटरप्राइज' असे दोन प्रकार दिसले तर घरासाठी 'पर्सनल' घ्यावा; दुसरा मोठ्या कचेऱ्यांसाठी असतो.

पुष्कळ पेट्या दोन प्रकारच्या लहरी सोडतात. एकीपुढे २.४ आणि दुसरीपुढे ५ असा आकडा असतो. कुलूप दोन्हीकडे बदलावे. पुढचे दार लावून परसदार उघडे ठेवण्यात काय अर्थ? मग 'सेव्ह' दाबावे.

चौथी पायरी : फोन पुन्हा जोडणे. 'सेव्ह' केल्याबरोबर वाय-फाय तुटेल. हे ठीकच आहे. एक-दोन मिनिटे थांबावे. फोनवर जुने नाव दाबून 'फर्गेट', म्हणजे 'विसर', असे सांगावे. मग ते नाव पुन्हा निवडून पासवर्ड घालावा. नावाखालचा इशारा गेलेला दिसेल.

एखादा जुना प्रिंटर किंवा कॅमेरा नव्या कुलपावर चालत नाही, असेही होते. त्या एका जिनसेसाठी सगळ्या घराचे कुलूप पुन्हा कच्चे करू नये.

यादीत डब्ल्यूपीए २ दिसतच नसेल तर 'फर्मवेअर अपडेट' असे लिहिलेले शोधावे. त्याने पेटीला नवे शिक्षण मिळते. अपडेट चालू असताना वीज बंद करू नये. तरीही जमले नाही तर पेटी म्हातारी झाली असे समजावे आणि कंपनीकडे बदलून मागावी.

किल्लीविषयी

कुलूप नवे झाले, आता किल्ली पाहू. आमच्या वाचनवर्गात एका बाईंनी विचारले, "गुरुजी, आपला फोन नंबर पासवर्ड ठेवला तर काय झालं? मला तेवढाच पाठ आहे."

प्रश्न चांगला आहे. पुष्कळ घरांत असेच असते. पण चोर दारात बसून एकेक पासवर्ड घालून पाहत नाही. फोन आणि पेटी भेटतात तेव्हा त्यांचा रामराम होतो. डब्ल्यूपीए २ मध्ये चोर तो रामराम लहरींतून टिपून घेतो आणि आपल्या घरी जातो. तेथे संगणकाला सांगतो, यावरून किल्ली शोधून काढ. असा संगणक सेकंदाला लाखो किल्ल्या लावून पाहतो. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक दहा आकडी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. माणसाला हा आकडा मोठा वाटतो. चांगल्या संगणकाला ते काही तासांचे काम आहे.

पासवर्ड निदान ८ अक्षरांचा लागतो, आणि ६३ अक्षरांपर्यंत ठेवता येतो. मग कंजुषी कशाला? एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्यावे, मध्ये एखादा आकडा घालावा, आणि ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहावे. चिंच, पायली, तबला, सांडशी असे. हेच शब्द मात्र घेऊ नयेत. हे तर आता छापून झाले! आपले नाव, गाव, कुलदैवत, मुलांची जन्मतारीख हेही नको. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवला तरी चालेल. चोर लहरींतून येतो, कपाटातून नव्हे. तो कागद पेटीवर मात्र चिकटवू नये.

पेटीचा स्वतःचा पासवर्डही त्याच वेळी बदलावा. नव्या पेटीला तो पुष्कळदा ठरावीक असतो आणि साऱ्या जगाला ठाऊक असतो. तो तसाच ठेवणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे.

आणखी एक. पेटीवर डब्ल्यूपीएस नावाची सोय असते. तिच्यात ८ आकड्यांचा एक क्रमांक घालून पासवर्डाविना आत येता येते. ८ आकडे म्हणजे पुष्कळ, असे वाटेल. पण पेटी ते आकडे दोन तुकड्यांत तपासते. त्यामुळे फार तर ११ हजार प्रयत्नांत क्रमांक सापडतो, हे २०११ साली उघडकीस आले. ही सोय बंद करून टाकावी.

खरा इशारा आणि खोटा इशारा

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लोकांच्या भीतीवर पोट भरणारे पुष्कळ आहेत. एखादे पान उघडले की एकाएकी लाल अक्षरे झळकतात, 'तुमचे वाय-फाय हॅक झाले आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.' कोणी फोन करून म्हणतो, 'कंपनीतून बोलतोय, एक ॲप घाला, आम्ही दुरुस्त करतो.' हा खरा इशारा नव्हे. खऱ्या इशाऱ्याची ओळख सोपी आहे. तो सेटिंग्जमध्ये, वाय-फायच्या नावाखाली, मुकाट्याने बसलेला असतो. तो पैसे मागत नाही. तो फोन क्रमांक देत नाही. तो घाई करीत नाही.

असे लाल पान आले तर ते बंद करावे आणि सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः पाहावे. पासवर्ड किंवा ओटीपी कोणालाही सांगू नये. फसून पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवावे तितके पैसे अडवता येण्याचा संभव अधिक.

स्टेशनवर किंवा हॉटेलात असाच इशारा दिसला, तर तेथील पेटी आपल्या हातची नसते. तेथे पैशाचे व्यवहार करू नयेत. सिमकार्डाचे इंटरनेट वापरावे.

वाचकहो, रात्री निजण्यापूर्वी आपण दाराची कडी ओढून पाहतो. कोणी सांगावे लागत नाही. घरात हे एक नवे दार आले आहे. ते दिसत नाही, एवढेच. त्याचीही कडी वर्षातून एक-दोनदा ओढून पाहावी. आणि आपले काम झाले की शेजारच्या घरीही विचारावे, "तुमच्या फोनवर असं काही लिहून येतं का हो?"

पाठ वाचल्यावर करा

१. आपल्या फोनवर घरच्या वाय-फायच्या नावाखाली काय लिहिले आहे, ते वहीत उतरवा.
२. आपल्या पेटीला चारांपैकी कोणते कुलूप आहे?
३. दोन कुलपांची कोणती जोडी चांगली आणि कोणती वाईट? का?
४. फोन क्रमांक हा पासवर्ड का ठेवू नये?
५. खरा इशारा आणि खोटा इशारा यांतील तीन फरक घरच्यांना सांगा.